तोतरेपणावर थेरपी घ्यायची ठरवलीय, पण कोणती?

मोठेपणी तोतरेपणावर उपचार शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन जातो, "पूर्ण जाईल ना?" ज्या दवाखान्यात याला ठाम 'हो' मिळतं तिथे फी भरली जाते. मी इथे पद्धतींची तुलना त्या प्रश्नावर करणार नाही, कारण त्या परीक्षेत प्रौढांसाठीची एकही पद्धत पास होत नाही.

अडखळणं साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. शंभरातल्या पाच ते आठ मुलांत ते कधी ना कधी दिसतं आणि त्यातल्या बहुतेकांचं काही काळाने थांबतं. ज्यांचं थांबत नाही ते मोठेपणी शंभरात एक उरतात. त्यातही चार पुरुषांमागे एक बाई, आणि त्या एकींपैकी मी. एका बँकेच्या काउंटरवर बसते, दिवसभर बोलते, अडखळते. मूळ कारण मेंदूत आहे. बोलण्याची आखणी करणाऱ्या आणि ते वेळेवर घडवणाऱ्या भागांच्या जोडण्यांत फरक असतो, आणि तो बऱ्याचदा घराण्यातून येतो. २०१० साली पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित काही जनुकंही सापडली. तेव्हा वेखंड उगाळून चाटवणं, शंख फुंकायला लावणं, जिभेखालची तार कापून घेणं हे सगळं या तुलनेच्या बाहेर. जीभ जड असल्याने कुणी तोतरं होत नाही.

एक गोष्ट मात्र घरोघरी दिसते आणि पुढे कामाला येणार आहे. संध्याकाळी सगळ्यांबरोबर रामरक्षा खडखडीत म्हणणारी मुलगी सकाळी वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणताना अडकते, आणि मोठी माणसं म्हणतात की मुद्दाम करते. मुद्दाम नसतं. तालात किंवा इतरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हटलं की तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो. पाढे, आरत्या, गाणी, सगळ्यांना हे लागू आहे. एकटीने, स्वतःचे शब्द जुळवत, समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलायची वेळ आली की तो परत येतो. बऱ्याच उपचारांची जाहिरात पहिल्या स्थितीवर चालते, आणि आपल्याला जगायचं असतं दुसरीत.

म्हणून निवडण्याआधी स्वतःचे तीन हिशेब वेगळे मांडा. पहिला, तुम्ही किती वेळा अडखळता. दुसरा, अडखळल्यावर किती झगडता, म्हणजे डोळे मिटणं, मान झटकणं, मांडीवर हात आपटणं, श्वास कोंडून जोर लावणं. तिसरा, अडखळू नये म्हणून काय काय टाळता. उडप्याकडे मसाला डोसा खायची इच्छा असताना इडली मागणं इथपासून फोन न उचलणं, बढतीची मुलाखत सोडणं, स्थळ बघायला आलेल्यांसमोर 'मितभाषी आहे' असं घरच्यांना सांगू देणं इथपर्यंत सगळं या तिसऱ्या खात्यात जातं. हे तीन आकडे एकमेकांना धरून चालत नाहीत. मिनिटाला दहादा अडखळणारा प्राध्यापक बिनधास्त तास घेतो, आणि कुणाला कळूही न देता शब्द बदलून बदलून बोलणारी मुलगी घरी येऊन थकून झोपते. दुसरीला तोतरेपणा 'सौम्य' आहे असं तपासणीत लिहिलं जातं.

प्रौढांसाठीच्या तीन मुख्य पद्धती या तीन हिशेबांवर वाटल्या गेल्या आहेत. पहिली अडखळणं कमी करायला बघते, दुसरी झगडणं, तिसरी टाळणं.

कराडचं तिकीट

फरक एका वाक्यात दाखवता येतो. साताऱ्याहून एसटीत बसलात, कंडक्टर समोर उभा आहे, 'एक कराड' म्हणायचं आहे. 'क'वर जिभेचा मागचा भाग टाळूला घट्ट बसलाय आणि आवाज बंद.

पहिली पद्धत, बोलणं नव्याने घडवणारी, म्हणेल की मुळात असं अडकायचंच नाही. सुरुवातीचा आवाज हळुवार काढा, स्वर लांबवा, शब्द एकमेकांना जोडा, 'क'ला जीभ जेमतेम टेकवा आणि पुढे जा. 'एऽऽककऽराऽऽड.' आधी अगदी संथ, मग सरावाने वेग वाढवत रोजच्या बोलण्याजवळ आणायचं.

दुसरी पद्धत, अडखळणं सैल करणारी, म्हणेल की अडकलात तर अडकलात, जोर लावून शब्द फोडू नका. आहात तिथेच क्षणभर राहा, जीभ कुठे दाबली गेलीय ते ओळखा, दाब सोडा आणि घसरत बाहेर या. अडखळाल, पण गुदमरणार नाही.

तिसरी पद्धत, जिला मी आधार देणारी थेरपी म्हणेन, ती म्हणेल की पाच सेकंद लागले तरी कराडच म्हणा आणि कंडक्टरकडे बघत म्हणा. शंभराची नोट पुढे करून त्याने ओळखावं म्हणून वाट बघायची नाही. 'ते हे... पुढचं...' अशी सारवासारव नाही. आणि 'उ' सोपा जातो म्हणून उंब्रजचं तिकीट काढून आधीच उतरणं तर अजिबात नाही. (हे विनोदासाठी लिहिलेलं नाही. अडखळणाऱ्या माणसांच्या गटात बसलात तर गावांची नावं फक्त बदलतात.)

बोलणं घडवणारी पद्धत

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या रोनोक गावी रोनाल्ड वेब्स्टर यांनी १९७२ साली सुरू केलेल्या संस्थेत ही पद्धत काही आठवड्यांच्या निवासी शिबिरासारखी शिकवली जाऊ लागली. आज आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत जे 'हळू बोला, लांबवून बोला' शिकवलं जातं ते याच घराण्यातलं. ऑस्ट्रेलियातला कॅम्परडाउन कार्यक्रम तिचा जास्त सुटसुटीत अवतार आहे. त्यात थेरपिस्ट 'जीभ अशी, ओठ असे' असे धडे देत बसत नाही. नमुन्याचा आवाज ऐकून तुम्ही तसं बोलायला शिकता आणि आपलं बोलणं किती अडखळलं, त्यासाठी तंत्र किती वापरलं, हे स्वतःच रोज आकड्यांत मांडता. तो व्हिडिओ कॉलवरूनही चालतो.

हिच्या बाजूने बोलायचं तर परिणाम खरा आणि लवकर दिसतो. प्रत्येक शब्दावर अडकणाऱ्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचं सलग वाक्य ऐकू येतं, त्याची किंमत बाहेरच्याला कळणार नाही. ठरलेलं बोलायचं असेल, म्हणजे प्रेझेंटेशन, सूत्रसंचालन, स्टेशनवरची घोषणा, तर हे तंत्र हाताशी असणं फार चांगलं.

अडचण दवाखान्याबाहेर सुरू होते. तंत्र चालवायला सतत लक्ष लागतं. साहेबांनी अचानक काही विचारलं, कुणी फोनवर घाई केली, घरात भांडण झालं, की लक्ष अर्थाकडे जातं आणि तंत्र सुटतं. शिवाय असं बोलणं ऐकायला थोडं यांत्रिक लागतं. गुळगुळीत पण परक्या आवाजात बोलण्यापेक्षा आपल्या आवाजात अडखळणं बरं, असं म्हणून ते सोडून देणारे पुष्कळ आहेत. काही महिन्यांनी घसरण होणं हे या पद्धतीत इतकं नेहमीचं आहे की चांगला थेरपिस्ट ते पहिल्याच दिवशी सांगतो आणि उजळणीच्या तारखा देतो. न सांगणारा असेल तर घसरण झाल्यावर माणूस समजतो की आपणच सराव कमी केला. माझा या पद्धतीवर राग आहे तो नेमका इथे. यश आलं तर पद्धतीचं, अपयश आलं तर तुमचं, असा तिचा हिशेब सहज होऊन बसतो.

अडखळणं सैल करणारी पद्धत

मिशिगनचे चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे होते. त्यांनी उलटा विचार केला की अडखळायचंच असेल तर नीट अडखळू. त्यांच्या पद्धतीत आधी आपण नेमकं काय करतो ते पाहायचं, आरशात, रेकॉर्डिंगमध्ये, थेरपिस्टच्या समोर. स्वतःचा अडकलेला चेहरा बघणं ही पहिली पायरी आणि बऱ्याच जणांना तीच सगळ्यांत जड जाते. मग भीती बोथट करायची. त्यासाठी मुद्दाम अडखळायचं. किराणा दुकानात जाऊन, जिथे अडकत नाही त्या शब्दावर ठरवून 'ता-ता-तांदूळ' म्हणायचं आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचं. बहुतेक वेळा त्याला फक्त किती किलो ते हवं असतं.

नंतर तीन तंत्रं येतात, आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवली जातात. आधी शब्द अडखळून पूर्ण झाल्यावर थांबायचं आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. ते जमलं की शब्दाच्या मधेच दाब सोडून सुटायचं. तेही जमलं की शब्द येण्याआधीच तोंड सैल ठेवून त्यात शिरायचं. क्रम असा उलटा का, तर अडकायच्या आधी भीती सर्वांत जास्त असते आणि झाल्यावर सर्वांत कमी. शिकणं कमी भीतीच्या जागेवरून सुरू होतं.

इथे बाहेरच्यांना दिसणारं अडखळणं लगेच कमी होत नाही, कधी सुरुवातीला वाढलेलंच दिसतं, कारण लपवणं बंद झालेलं असतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'पैसे देऊन आणखी बिघडलं' हे ऐकावं लागतं. ज्यांचं मुख्य दुखणं झगडणं आहे, मान झटकली जाते, चेहरा वाकडा होतो, घसा दुखतो, त्यांना या पद्धतीचा आराम फार मिळतो. अवघड इतकंच की ती शिकवणारे कमी आहेत. मुद्दाम अडखळायला थेरपिस्टने तुमच्याबरोबर दुकानात यावं लागतं, आणि चार भिंतींत बसून सराव घेणारे सगळे तेवढ्यासाठी उठत नाहीत.

आधार देणारी थेरपी

मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान, तेही अडखळणारे, म्हणत की तोतरेपणा हिमनगासारखा आहे. ऐकू येतो तो वरचा तुकडा, आणि खाली लाज, भीती, टाळाटाळ यांचा मोठा भाग असतो. मेरीलँड विद्यापीठातल्या व्हिव्हियन सिस्किन यांनी हाच धागा पुढे नेऊन टाळाटाळ कमी करण्याची गटात चालणारी थेरपी उभी केली. तिच्यात 'कमी अडखळा' असं उद्दिष्टच नसतं. लपवण्यासाठी केलेल्या युक्त्या एकेक करून सोडायच्या, म्हणायचं ते म्हणायचं, सहज म्हणायचं. गंमत अशी की युक्त्या गळून पडल्या की झगडणंही कमी होतं, कारण निम्मं झगडणं त्या युक्त्यांचंच असतं.

'आधार' म्हटलं की आपल्याकडे गोड बोलणं समजतात, आणि तशी थेरपीही मिळते. तासभर ऐकून घेतात, 'काही काळजी करू नका, आत्मविश्वास ठेवा' म्हणतात, पुढच्या आठवड्याची वेळ देतात. ही आधार देणारी थेरपी नव्हे, फी देऊन मिळवलेली सहानुभूती आहे. खऱ्या थेरपीत यादी असते. सोप्यापासून अवघडापर्यंत, तुमच्याच आयुष्यातल्या प्रसंगांची. रिक्षावाल्याला पत्ता सांगणं खाली, सासरच्या गणपतीत सगळ्यांसमोर स्वतःचं नाव सांगणं वर. (नाव बदलता येत नाही, म्हणून ते जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत वरच सापडतं.) दर आठवड्याला त्यातलं काहीतरी करून यायचं असतं आणि काय घडलं ते सांगायचं असतं. अडखळत सांगितलं तरी थेरपिस्ट वाक्य पूर्ण करून देत नाही, घड्याळ बघत नाही, मधे दुरुस्ती करत नाही. बऱ्याच जणांच्या आयुष्यात असा ऐकणारा माणूस हाच पहिला असतो.

हिची मर्यादाही स्पष्ट आहे. मोजायला गेलात तर अडखळणं तितकंच राहू शकतं. ऑस्ट्रेलियात तोतरेपणाबरोबर येणाऱ्या सामाजिक भीतीसाठी, बोलणं घडवणाऱ्या पद्धतीला मानसोपचारांची जोड देऊन एक प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ती जोड मिळाली त्यांची भीती आणि टाळाटाळ कमी झाली आणि तशी टिकली, पण अडखळण्याच्या प्रमाणात त्यामुळे वेगळा फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो. भीती गेली की बोलणं आपोआप गुळगुळीत होईल, ही समजूत त्याने मोडते, आणि गुळगुळीत झाल्याशिवाय भीती जाणारच नाही ही त्याहून जुनी समजूतही मोडते.

याच घराण्यातलं पण थेरपी नसलेलं एक ठिकाण म्हणजे स्वमदत गट. भारतात डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी सुरू केलेली 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन', सगळे 'तिसा' म्हणतात, हे गट चालवते. ऑनलाइनही भेटी होतात. पैसे लागत नाहीत. मी गेले तेव्हा खोलीत बाई म्हणून मी एकटीच होते, तरी मनातलं सांगायला वेळ लागला नाही, कारण वेळ लागणं हेच तिथे नेहमीचं होतं. पण गट तुमच्यापुरती आखणी करून देत नाही. गटात एखादा उत्साही सदस्य स्वतःला उपयोगी पडलेलं तंत्र सगळ्यांना लावायला बघतो, ते ऐकावं आणि सोडून द्यावं.

मी काय निवडायला सांगेन

प्रौढ असाल आणि एकाच पद्धतीचे पैसे व वेळ असेल तर तिसरीपासून सुरू करा, आणि तिच्यात दुसरीतलं 'दाब सोडून सुटणं' शिकवणारा थेरपिस्ट मिळतो का बघा. दोन्ही एकाच विचाराच्या आहेत, एकत्र नांदतात. पहिली हवी असेल तर नंतर घ्या, हत्यार म्हणून. आधी घेतली तर धोका असा की ती तुमच्या टाळाटाळीलाच नवं बळ देते. तंत्र चालेल तिथेच बोलायचं, नाही चालणार तिथे गप्प, अशी वाटणी होऊन बसते.

अपवाद दोन. पहिला, अडखळणं इतकं तीव्र की वाक्य पूर्णच होत नाही. तिथे पहिल्या पद्धतीने आधी थोडी वाट मोकळी करून घेणं शहाणपणाचं. दुसरा, पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. एवढ्या अवधीत भीतीचं काम पुरं होत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांसाठी हळुवार आवाजाचं तंत्र पक्कं करा आणि मुलाखत सुरू होतानाच सांगून टाका, 'मी अडखळत बोलते, थोडा वेळ लागेल.' हे वाक्य म्हणजे तिसऱ्या पद्धतीचा सगळ्यांत स्वस्त भाग आहे. आधी सांगितलं की लपवायचं काम उरत नाही आणि समोरचाही गोंधळत नाही.

वीस वर्षं शब्द बदलण्यात तरबेज झालेल्या, बाहेरून 'काही जाणवत नाही' अशा माणसाने पहिली पद्धत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला अजून एक युक्ती नको आहे.

मूल लहान असेल तर सगळंच वेगळं

सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी वरची तुलना बाजूला ठेवा. इथे थांबण्याची शक्यता खरी आहे, म्हणून उद्दिष्टही वेगळं.

आपल्याकडे अजून सल्ला मिळतो की मुलासमोर विषय काढू नका, त्याला कळलं तर वाढेल. या सल्ल्याचं मूळ अमेरिकेतल्या आयोवात आहे. तिथले वेंडेल जॉन्सन मानत की आईवडिलांनी साध्या अडखळण्याला 'तोतरेपणा' म्हटल्यामुळेच तोतरेपणा तयार होतो. १९३९ साली त्यांच्या हाताखाली अनाथाश्रमातल्या मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही 'तुमचं बोलणं बिघडतंय' असं सांगत राहिले. ती मुलं तोतरी झाली असं सिद्ध झालं नाही, पण काही जण बोलायलाच घाबरू लागले आणि काहींना ते आयुष्यभर पुरलं. हे प्रकरण २००१ मध्ये वृत्तपत्रातून उघड झालं, विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये राज्याने ९,२५,००० डॉलर भरपाई दिली. सिद्धांत टिकला नाही. 'विषय काढू नका' मात्र टिकलं.

त्याच्या बरोबर विरुद्ध जाणारा लिडकम कार्यक्रम सिडनीत तयार झाला. (लिडकम आणि मघाचं कॅम्परडाउन ही तिथल्या उपनगरांची नावं.) त्यात आई किंवा बाबा रोज थोडा वेळ मुलाशी खेळता खेळता बोलतात. सलग बोलणं आलं की 'किती छान सरळ आलं!' असं कौतुक करतात आणि अधूनमधून, कौतुकापेक्षा बरंच कमी वेळा, 'हे जरा अडलं नाही का?' एवढं सहज म्हणतात. दिवसभरात मूल किती अडखळलं याचा आकडा रोज टिपतात. आठवड्याला थेरपिस्टची भेट. न्यूझीलंडमधल्या एका चाचणीचे निकाल २००५ साली आले. नऊ महिन्यांनंतर या कार्यक्रमातल्या ५२ टक्के मुलांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं झालं होतं, न घेतलेल्यांत १५ टक्क्यांचं.

दुसरी वाट मुलाच्या बोलण्याला हात न लावता घरचं बोलणं बदलते. आईबाबांनी स्वतः सावकाश बोलणं, प्रश्नांची सरबत्ती न करणं, मूल बोलून झाल्यावर क्षणभर थांबून उत्तर देणं, घरातल्या प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळेल असं बघणं. लंडनच्या मायकेल पेलिन सेंटरची पद्धत याच जातीची. आठवड्यातून काही वेळा फक्त पाच मिनिटं, एका मुलाबरोबर, फोन बाजूला ठेवून.

या दोन जातींची समोरासमोर तुलना नेदरलँड्समध्ये झाली. तिथे दुसऱ्या बाजूला घरच्या अपेक्षांचं ओझं कमी करून मुलाची बोलण्याची ताकद वाढवणारी पद्धत होती. १९९ मुलं, निकाल २०१५ साली. दीड वर्षानंतर न अडखळणारी मुलं लिडकममध्ये ७६.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ७१.४ टक्के. सांख्यिकीच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नाही.

म्हणजे निवड तुमच्या घराकडे बघून करा. लिडकमला रोज नियमाने बसणारा एक पालक लागतो. आणि तो थेरपिस्टच्या देखरेखीशिवाय स्वतःच्या मनाने करायचा प्रकार नाही, नाहीतर 'हे अडलं' एवढंच उरतं आणि कौतुक विसरलं जातं. आजी, आजोबा, काका, चुलत भावंडं असं भरलेलं घर असेल आणि प्रत्येक जण 'थांब, श्वास घे, नीट बोल' म्हणत असेल, तर मी दुसऱ्या वाटेने सुरुवात करेन. अशा घरात मुलाचं वाक्य संपायच्या आत तिघांनी पुरं केलेलं असतं. आजोबांना हे समजावणं आईपेक्षा थेरपिस्टच्या तोंडून बरं पडतं, म्हणून त्यांना एकदा बरोबर न्या.

थांबून बघायचं किती? सुरू होऊन सहा महिने ते वर्ष झालं, घराण्यात मोठेपणीही अडखळणारं कुणी आहे, मुलगा आहे, साडेतीन वर्षांनंतर सुरू झालं, किंवा मूल स्वतःच त्रासून बोलणं सोडून देतंय, यातलं काही असेल तर 'वयानुसार जाईल' म्हणत बसू नका. आणि घरी दोन भाषा आहेत म्हणून तोतरेपणा आला, तेव्हा मराठी बंद करा, हा सल्ला कुणी दिला तर मानू नका. परदेशातल्या मराठी घरांना तो हमखास मिळतो. दोन भाषांमुळे तोतरेपणा होत नाही, आणि भाषा काढून घेतली तर मूल आजीशी बोलायचंच बंद होतं. अमेरिकेत असाल तर सरकारी शाळेतून, मूल निकषात बसत असल्यास, स्पीच थेरपी विनामूल्य मिळते. घरची भाषा कोणती ते तिथे आवर्जून सांगा.

जे थोडक्यात उरकता येतं

कानात बसवायची यंत्रं आणि फोनवरची ॲप तुमचाच आवाज क्षणभर उशिरा किंवा सूर बदलून ऐकवतात. मेंदूला कुणीतरी आपल्यासोबत बोलतंय असं वाटतं. रामरक्षेचाच परिणाम. मोठ्याने वाचताना गुण जास्त येतो, गप्पांत कमी, आणि बऱ्याच जणांना सवयीने ओसरतो. ॲप फुकट आहे तर करून बघा, महागडं यंत्र लगेच घेऊ नका. औषध म्हणाल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तोतरेपणासाठी म्हणून मान्य केलेलं एकही नाही. प्राणायामाने मन निवतं, तेवढ्यासाठी जरूर करा. 'पंधरा दिवसांत खात्रीशीर' शिबिरांविषयी एवढंच, की सगळ्यांबरोबर तालात बोलून पंधराव्या दिवशी कुणीही सलग बोलतो आणि व्हिडिओ त्याच दिवशी काढतात.

कुणाकडे, कुठे, किती

पद्धतीपेक्षा माणूस महत्त्वाचा, पण माणूस पात्र असल्याची खात्री आधी. भारतात स्पीच थेरपिस्टची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेच्या रजिस्टरमध्ये असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पदवीचं नाव बहुधा बीएएसएलपी, त्यापुढे एमएएसएलपी.

मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३ पासून) आणि नायर रुग्णालयाची वाचा-श्रवण शाळा, पुण्यात भारती विद्यापीठाचा वाचा-श्रवण विभाग अशा शिकवणाऱ्या संस्थांत खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. तिथे विद्यार्थी थेरपी देतात आणि शिक्षक देखरेख करतात. कॉलेजचं सत्र संपलं की विद्यार्थी बदलतो, हे गृहीत धरून जा. मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्पीच थेरपिस्टचं पद असतं, ते सध्या भरलेलं आहे का तेवढं आधी विचारा. खासगीत दर बैठकीचे दर दवाखान्यागणिक इतके बदलतात की आकडा देण्यात अर्थ नाही, पण पन्नास बैठकींचं पॅकेज आगाऊ मागणाऱ्याला पाच बैठकींचे पैसे द्यायची तयारी दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. तुमच्या गावात कुणीच नसेल तर ऑनलाइन घ्या, प्रौढांसाठी ती दुय्यम सोय नाही. फक्त थेरपी मराठीतून होईल ना ते पक्कं करा. शहरातल्या दवाखान्यांत इंग्रजी-हिंदीतून सराव होतो आणि गावाकडच्या मामांचा फोन मराठीत येतो.

पहिल्या भेटीत विचारा की तोतरेपणा असलेले प्रौढ तुमच्याकडे नेमाने येतात का, माझं अडखळणं तेवढंच राहिलं तर थेरपी यशस्वी कशाला म्हणाल, बाहेर जाऊन सराव घ्याल का, आणि घसरण झाली तर काय करतो आपण. दुसऱ्या प्रश्नावर जो गोंधळतो त्याच्याकडे पहिली पद्धत मिळेल, तिसरी नाही. तुमची वाक्यं तो पूर्ण करतोय का, तेही बघून ठेवा. आठ-दहा बैठकींनंतर आपल्या तीन हिशेबांपैकी एकही हलला नसेल तर थेरपिस्टशी तसं बोला, आणि तरीही बदललं नाही तर दुसरा शोधा.

भेटीची वेळ घ्यायला बहुतेक ठिकाणी फोनच करावा लागतो, आणि फोन हीच तर अडचण. व्हॉट्सॲपवर वेळ मागा. टाळणं कमी करायला थेरपी सुरू तर व्हायला हवी. तोतरेपणावर उपचार करणारा दवाखाना 'फोनवरच बोला' म्हणत असेल तर तिथे जाऊ नका.